ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीस खुले पत्र : विरंगुळा केंद्रातली मशरूमविक्री थांबवा

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
ज्येष्ठ नागरिक संघ, नवी मुंबई
(तसेच अशा कार्यक्रमांना जागा देणाऱ्या नवी मुंबई आणि ठाण्यातील इतर संघांच्या पदाधिकाऱ्यांना)

सप्रेम नमस्कार.

संघाच्या सूचना फलकावर लागलेली सूचना वाचली. औषधी मशरूमची पावडर आणि कॅप्सूल विकणाऱ्या एका कंपनीला ‘आरोग्य संवाद’ या नावाने दर महिन्याला विरंगुळा केंद्राचे सभागृह देण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. चहा-नाश्त्याचा खर्च कंपनी करणार आहे आणि संघाच्या वार्षिक सहलीलाही ती हातभार लावणार आहे, असे त्या सूचनेत म्हटले आहे. सहलीच्या निधीची ओढाताण मला ठाऊक आहे, तरीही हा निर्णय मला मान्य नाही. नुसते सचिवांच्या कानावर घालून भागण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण आज आपल्याकडे आलेली मंडळी उद्या शेजारच्या नोडमधल्या संघाकडे आणि परवा खाडीपलीकडे ठाण्याला जाणार आहेत. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. कच्चा माल आला की ड्रममधून नमुना काढायचा, तो सांगितलेलाच पदार्थ आहे याची ओळख पटवायची, शुद्धता मोजायची आणि सगळे कागद पूर्ण होईपर्यंत ड्रमवरची पिवळी ‘क्वारंटाइन’ची चिठ्ठी कोणालाही काढू द्यायची नाही, हे आमचे काम. उत्पादन विभागाचा कितीही तगादा असला तरी चिठ्ठी हलत नसे. वर्षानुवर्षे हेच केल्यामुळे कोणतीही पुडी हातात आली की आत काय आहे आणि ते कशावरून, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

दुसरी बाजू घरची आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांचे केमो सुरू होते. आपल्याच सभागृहात याच कंपनीच्या झालेल्या एका व्याख्यानानंतर त्यांनी रेशी मशरूमच्या पावडरचा डबा घेतला. केमोच्या पुढच्या सायकलआधी, म्हणजे फेरीआधी, रक्त तपासले तेव्हा यकृतावरचा ताण दाखवणारे एसजीपीटी इतके वाढलेले निघाले की डॉक्टरांनी केमो पुढे ढकलले. औषधांची यादी विचारली तेव्हा जाऊबाईंनी डब्याचा उल्लेखच केला नव्हता. “ते कुठे औषध आहे? मशरूम तर आहे,” हे त्यांचे उत्तर. पावडर बंद केल्यावर आकडे हळूहळू खाली आले आणि उपचार पुन्हा सुरू झाले. यकृतावर ताण पावडरीमुळेच आला हे मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण केमोची काही औषधेही तेच करतात. पण मधली ती खाडा झालेली सायकल आणि त्या काळातली घरातली धास्ती यांचा हिशेब कोणाकडे मागायचा, हा प्रश्न उरतोच. त्या डब्याबरोबर मिळालेल्या पत्रकावर आपल्या संघाचे नाव ‘सहकार्य’ म्हणून छापलेले होते.

मशरूमवरचे संशोधन थोतांड आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. बुरशीवर्गाने वैद्यकाला जे दिले आहे त्याची यादी मोठी आहे. पेनिसिलिन बुरशीचे, १९५४ साली पिंपरीला स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स याच औषधासाठी. आपल्यापैकी कित्येक जण रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेतात, तिचा उगम जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत शोधलेल्या द्रव्यात आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला दिले जाणारे सायक्लोस्पोरिनही बुरशीतूनच मिळाले. तेव्हा मशरूममध्ये औषधी द्रव्य असू शकते का, यावर वाद नाही.

खुद्द मशरूमवरही भक्कम काम झालेले आहे, आणि त्यात जपान पुढे आहे. गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके मशरूममधून लेंटिनान नावाची बहुशर्करा, म्हणजे शर्करांची लांब साखळी, वेगळी काढली आणि उंदरांतल्या सार्कोमा-१८० या गाठींवर होणारा तिचा परिणाम १९६९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडला. जठराच्या कर्करोगात केमोच्या जोडीने लेंटिनानचे इंजेक्शन वापरण्याची परवानगी तिथे १९८५ साली मिळाली. मधली सोळा वर्षे शुद्धीकरण, मात्रा आणि रुग्णांवरच्या चाचण्या यांत गेली. टर्की टेल म्हणजे ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या मशरूमच्या सीएम-१०१ या एका विशिष्ट वाणापासून तयार केलेले पीएसके हे औषध जपानमध्ये १९७७ सालापासून मंजूर होते. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ८,००९ रुग्णांच्या आठ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात केमोबरोबर पीएसके घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसला. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. तो चमत्काराचा नाही. मोजून काढलेला आणि म्हणूनच विश्वासाचा आहे.

हे कसे घडते याचाही बराच उलगडा झाला आहे. मशरूमच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाच्या शर्करांच्या साखळ्या असतात. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा एक ग्राही असतो. तो या साखळ्या ओळखतो, हे २००१ साली दाखवले गेले. बुरशीचा संसर्ग झाल्यास शरीराला इशारा देणारी जी यंत्रणा आहे, तीच इथे जागी होते. साखळीची जोडणी कशी आहे, तिला किती फांद्या आहेत, ती पोटातून दिली की शिरेतून, यावर परिणाम ठरतो. लेंटिनान शिरेतून देतात, हे विसरून शिताकेच्या सूपला तेच श्रेय देता येत नाही. त्या व्याख्यानात व्यासपीठावरून मात्र हे सगळे ‘इम्युनिटी वाढते’ या दोन शब्दांत गुंडाळले गेले, आणि इथून माझ्या तक्रारींना सुरुवात होते.

पहिली तक्रार दाव्यांबद्दल आहे, आणि सर्वांत मोठी तीच आहे. त्या पत्रकात रेशीने कर्करोग ‘मुळापासून’ जातो असे म्हटले होते आणि खाली ‘जागतिक संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का होता. रेशी म्हणजे गॅनोडर्मा ल्युसिडम. कर्करोगाच्या रुग्णांवर त्याच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा, २०१६ साली अद्ययावत झाला. त्यात निकषात बसणाऱ्या चाचण्या पाच आणि रुग्ण सगळे मिळून ३७३. केमो किंवा रेडिएशनबरोबर रेशी दिल्यास गाठ उपचाराला अधिक प्रतिसाद देत असावी आणि रोगप्रतिकारक पेशींचे काही निर्देशांक सुधारत असावेत, असे त्यात दिसले. एकट्या रेशीने तसा परिणाम दिसला नाही. चाचण्यांचा दर्जा समाधानकारक नव्हता, आयुष्य वाढते की नाही हे अनिश्चितच राहिले, आणि प्राथमिक उपचार म्हणून रेशी वापरण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष आढावा घेणाऱ्यांनी काढला. जोडीला देता येईल, इतपत दार त्यांनी उघडे ठेवले. पत्रकाने त्या दारातून केमो बाहेर काढले आणि डबा आत आणला.

टर्की टेलबद्दल ‘अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर यशस्वी चाचणी’ अशी ओळ होती. ही चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, ती पहिल्या टप्प्याची होती आणि ती नऊ महिलांनी पूर्ण केली. पहिल्या टप्प्यात किती मात्रा सोसते एवढेच पाहायचे असते. रोग बरा होतो का, हा प्रश्न त्या टप्प्यात विचारलेलाच नसतो. मधुमेहाच्या गोळ्या सुटतील असे वक्त्यांनी सांगितले तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मधुमेही रुग्णांमध्ये हृदयविकाराची जोखीम वाढवणारे घटक, म्हणजे साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे, रेशीने सुधारतात का, याचा कॉक्रेन आढावा २०१५ साली निघाला. पाच चाचण्या आणि ३९८ माणसे तपासून, या कामासाठी रेशी वापरण्यास पुरावा पाठिंबा देत नाही, असे त्यात म्हटले आहे. आपल्या संघात मधुमेह नसलेले सभासद शोधावे लागतील. त्यांच्यापैकी कोणी गोळ्या सोडल्या असतील तर त्याची चौकशी कार्यकारिणीने तातडीने करावी.

विसरभोळेपणाबद्दलही असेच. लायन्स मेन या मशरूमवर जपानमध्ये २००९ साली झालेली चाचणी खरोखर सुरेख आहे: ५० ते ८० वयाची, स्मरणशक्तीचा सौम्य ऱ्हास असलेली ३० माणसे, सोळा आठवडे, निम्म्यांना पावडरीच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण मशरूम नसलेल्या गोळ्या. घेणाऱ्यांचे गुण सुधारले. गोळ्या बंद केल्यानंतर चार आठवड्यांनी पाहिले तर ते पुन्हा घसरलेले होते. वक्त्यांनी पहिले वाक्य सांगितले आणि दुसरे गाळले. अर्धे सत्य सांगण्याची ही हातोटी त्या संपूर्ण तासाभरात दिसत होती, आणि ती अज्ञानातून आलेली नाही, असे माझे मत आहे.

दुसरी तक्रार डब्यात काय आहे याबद्दल. रेशी हे लाकडासारखे कडक मशरूम आहे. ते गरम पाण्यात दीर्घकाळ उकळून त्यातले बीटा-ग्लुकान काढतात, आणि ट्रायटरपीन नावाची कडू द्रव्ये अल्कोहोलने काढतात. नुसते दळलेले मशरूम, पाण्यातला अर्क, अल्कोहोलमधला अर्क, आणि धान्यावर वाढवलेले बुरशीचे जाळे धान्यासकट दळून केलेली पावडर, या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. डब्यावर यांपैकी काय आहे हे लिहिलेले नव्हते. ‘पॉलिसॅकराइड (म्हणजे बहुशर्करा) ४० टक्के’ एवढे होते. पण स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच असते, त्यामुळे तांदळाचे पीठ मिसळले तरी हा आकडा फुगतो. विचारायचा असतो तो बीटा-ग्लुकानचा आकडा, तोही वेगळा मोजलेला. मी बशीत चिमूटभर पावडर घेऊन तिच्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले, तर कडेपासून आत अशी ती काळीनिळी होत गेली. बुरशी आपला साठा स्टार्चच्या रूपात ठेवत नाही, त्यामुळे हा रंग बहुधा धान्याचा किंवा भरीच्या पिठाचा. बशीतल्या चाचणीवरून कोणाला दोषी ठरवता येत नाही हे मला चांगले कळते. पण असा रंग दिसल्यावर आमच्या प्रयोगशाळेत ती पिवळी चिठ्ठी नक्कीच निघाली नसती.

ही शंका माझ्या एकटीची नाही. अमेरिकेच्या बाजारातून घेतलेले रेशीचे १९ नमुने तपासून २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्रायटरपीन आणि बहुशर्करा या दोन्ही कसोट्यांवर खरे उतरले ते पाच. जिथे नियमन आपल्यापेक्षा ढिले आहे असे कोणी म्हणणार नाही, तिथली ही अवस्था.

कॉर्डिसेप्स या औषधी बुरशीची गोष्ट तर उघड फसवणुकीच्या काठावरची आहे. पत्रकावर हिमालयातल्या ‘कीडा जडी’चे चित्र होते: जमिनीतल्या अळीच्या डोक्यातून उगवलेली काळपट काडी. ही जात साधारण साडेतीन हजार मीटरच्या वरच्या कुरणांत सापडते, अतोनात वेचणीमुळे तिला धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०२० साली ‘असुरक्षित’ ठरवले गेले, आणि तिचा भाव सोन्याशी तोलला जातो. त्या भावात ती आपल्या डब्यात येणे शक्यच नाही. डब्यात असते ती बहुतेक वेळा बरण्यांमध्ये वाढवलेली नारिंगी कॉर्डिसेप्स मिलिटारिस. तिच्यात कॉर्डिसेपिन हे अभ्यासण्याजोगे द्रव्य आहे, तिची शेती हा प्रामाणिक व्यवसाय आहे, आणि ती तिच्याच नावाने विकली तर माझी काही हरकत नाही.

तिसरी तक्रार सुरक्षिततेची. ‘शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य’ हे वाक्य वक्त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी ते त्यांच्याबरोबर म्हणायला सुरुवात केली. रेशीची पावडर घेतल्यानंतर यकृत पूर्ण निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद थायलंडमधल्या डॉक्टरांनी २००७ साली केली आहे. जपानमध्ये यकृताचा कर्करोग असलेली ७२ वर्षांची एक बाई चागा मशरूमची पावडर सहा महिने रोज चार-पाच चमचे घेत होती. चागात ऑक्झलेट फार असते. त्याचे स्फटिक साचून तिचे मूत्रपिंड निकामी झाले आणि डायलिसिसवर जावे लागले. ही नोंद २०१४ सालची. शिताके कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ल्यास अंगावर चाबकाचे वळ उठावेत तशी पुरळ येते, हे तर १९७०च्या दशकापासून माहीत आहे. मशरूम ज्या मातीवर किंवा भुश्शावर वाढते त्यातले शिसे आणि कॅडमियमही शोषून घेते, म्हणून प्रत्येक बॅचची जड धातूंसाठी तपासणी व्हावी लागते. अशा घटना वारंवार घडतात असे मी म्हणत नाही. पण ज्या सभागृहात रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, केमोवर असलेले, मूत्रपिंड बदललेले लोक बसलेले आहेत, तिथे ‘शून्य’ हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही. मूत्रपिंड बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती तर डॉक्टरांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिला जागे करणारी वस्तू त्याने कोणाला विचारून घ्यायची?

चौथी तक्रार कायद्याची आहे. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक होता आणि वक्त्यांनी तो ‘सरकारमान्य’ म्हणून उंच धरून दाखवला. तो क्रमांक अन्नव्यवसायाच्या परवान्याचा आहे. पोळी-भाजी केंद्राकडेही तसाच असतो. त्याच डब्याच्या मागे, चष्मा लावूनही सहज न दिसणाऱ्या अक्षरांत, हे औषधी वापरासाठी नाही अशी नियमाने बंधनकारक असलेली सूचना होती. अन्न म्हणून विकायचे तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या ५३व्या कलमाखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकायचे तर औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आडवा येतो. त्याच्या परिशिष्टात कर्करोग आणि मधुमेह हे दोन्ही रोग आहेत, आणि जाहिरातीच्या व्याख्येत पत्रकाप्रमाणेच तोंडी केलेली घोषणाही धरलेली आहे. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही भाग घेऊ नये, असे तो कायदा सांगतो. पत्रकावर ‘सहकार्य’ म्हणून नाव छापू देणारा संघ त्यात कुठे बसतो, हे आपल्यातल्या वकील सभासदांना अवश्य विचारावे. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. कार्यकारिणीतली मंडळी विनामोबदला राबतात आणि त्यांच्यावर असली बालंटे येऊ नयेत, असेच मला वाटते.

पाचवी तक्रार छोटी आहे, पण ती अनेकांची आहे. कार्यक्रमाच्या दारात ठेवलेल्या वहीत नाव, फोन आणि ‘सध्याचे आजार’ लिहून घेतले गेले आणि त्यानंतर घरोघरी फोन सुरू झाले. काही जणांकडे तर प्रतिनिधी न कळवता येऊन बसले. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. सभासदांच्या आजारांची यादी संघाच्या दारातून बाहेर जावी, हे मला तरी कमालीचे लाजिरवाणे वाटले.

यावर ‘लोकांना बरे वाटते, स्वखुशीने घेतात, आपण कोण अडवणारे?’ असे उत्तर मिळेल, हे मी ओळखून आहे. घ्यायचे त्यांनी दुकानातून जरूर घ्यावे. पण सभासद त्या दिवशी दुकानात गेले नव्हते. ते आपल्या संघात, आपल्या माणसांत आले होते, व्यासपीठावर अध्यक्ष बसलेले पाहून त्यांनी विश्वास टाकला आणि पेन्शनमधून चार हजारांच्या आसपासचा डबा घेतला. कंपनीला सभागृहाच्या भाड्यात मिळाला तो हा विश्वास, आणि सहलीच्या मदतीपेक्षा त्याची किंमत पुष्कळ जास्त आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

‘आरोग्य संवाद’ मालिकेला दिलेली मंजुरी रद्द करावी आणि कंपनीकडून सहलीसाठी रक्कम घेतली असल्यास ती परत करावी. तूट भरून काढायला वर्गणी वाढवावी लागली तर माझ्यासारखे बरेच सभासद तयार होतील. मी काही जणांशी बोलले आहे.

विरंगुळा केंद्रात आरोग्यविषयक कार्यक्रमाच्या आधी, दरम्यान किंवा नंतर कोणत्याही वस्तूची विक्री किंवा नोंदणी होणार नाही, असा लेखी ठराव करावा, आणि वक्त्याचा विक्रीशी आर्थिक संबंध आहे का हे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे. ती वही कंपनीकडून परत मागवावी आणि सभासदांची माहिती पुसून टाकल्याचे पत्र घ्यावे.

ज्यांनी डबे घेतले आहेत त्यांच्यासाठी फलकावर मोठ्या अक्षरांत मराठीत सूचना लावावी: पावडर किंवा कॅप्सूल चालू असल्यास आपल्या डॉक्टरांना डब्यासकट दाखवा, चालू औषधे स्वतःहून बंद करू नका, आणि त्रास झाला असल्यास संघाला कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याकडे वनौषधी उत्पादनांबद्दलही कळवता येते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. हा क्रमांक त्या सूचनेत असावा. फॉर्म भरायला मदत लागली तर सकाळी केंद्रात बसायची माझी तयारी आहे.

कंपनीकडे संघाच्या लेटरहेडवर लेखी विचारणा करावी: मशरूमची जात आणि भाग कोणता, अर्क असल्यास कशात काढलेला, बीटा-ग्लुकान आणि स्टार्च यांचे वेगवेगळे प्रमाण किती, जड धातू आणि सूक्ष्मजंतूंचा त्या बॅचचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला अहवाल, आणि हेच उत्पादन वापरून केलेली एखादी चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत असल्यास तिचा क्रमांक. उत्तर समाधानकारक नसेल किंवा ठरावीक मुदतीत आलेच नाही, तर पत्रक आणि डबा यांसह अन्न व औषध प्रशासनाकडे संघाने स्वतः तक्रार करावी. एकट्यादुकट्या सभासदापेक्षा संघाच्या शिक्क्याला वजन राहील.

आणि मशरूमवर कार्यक्रम करायचाच असेल तर तो जरूर करावा, त्याची सगळी तयारी मी करून देईन. सिंगापूरमध्ये साठीपुढच्या ६६३ लोकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा मशरूम खाणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण यात कोणाच्या डब्याची गरज नाही, साधी बाजारातली मशरूम आहेत. धिंगरी किंवा बटण मशरूम चिरून थोडा वेळ दुपारच्या उन्हात ठेवली तर त्यातल्या एर्गोस्टेरॉलचे ड जीवनसत्त्व बनते, हे किती जणांना माहीत आहे? हिमाचल प्रदेशात सोलनला असलेल्या मशरूम संशोधन संचालनालयात १९८३ सालापासून या विषयावर काम चालू आहे. राज्यातल्या कृषी विद्यापीठांतही धिंगरीवर काम करणारे प्राध्यापक आहेत, आणि त्यांना व्याख्यानाला बोलावले तर काही विकत घ्यावे लागत नाही. श्रावणात पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका पानांत बांधून रानातली अळंबी आणतात. ती वारुळावरची, आणि ओळखून वेचलेली. ती ओळख म्हणजे काय आणि अनोळखी भूछत्र का खाऊ नये, हे सांगायला त्यांच्यापैकीच कोणाला मानधन देऊन बोलावता येईल. माझ्या मते त्या व्याख्यानाला सभागृह पुरणार नाही.

हे पत्र कार्यकारिणीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे आणि जो निर्णय होईल तो कारणांसह फलकावर लावावा, अशी विनंती आहे. कंपनीच्या प्रतिनिधींना त्या सभेला बोलावण्यास माझी हरकत नाही. त्यांनी येताना बॅचचा चाचणी अहवाल बरोबर आणावा. तो वाचून सभासदांना मराठीत समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे द्यावे.

आपली,
संघाची एक आजीव सभासद,
नवी मुंबई